चिआंग माईला पिंग नदीकाठी राहायचंय? लाकडी हॉटेल निवडण्यापासून चेक-आउटपर्यंत

थायलंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी बँकॉक-पट्टाया उरकून परत येतात. उत्तरेला चिआंग माईपर्यंत जाणारे कमी. जे जातात त्यांतले काही जण हौसेनं नदीकाठचं, लाकडी, कौलारू, थाई धाटणीचं छोटं हॉटेल घेतात. मग सकाळी सातला दोई सुतेपच्या देवळाला जायला गाडी दारात आणि रात्री नऊला परत. नदी दिसते ती बुकिंग करताना पाहिलेल्या फोटोतच. अशा हॉटेलच्या भाड्यातला मोठा वाटा व्हरांड्याचा, अंगणाचा आणि काठाचा असतो. दिवसातले दोन-तीन तास तिथे निवांत बसायची तयारी नसेल, तर खंदकाच्या आतल्या जुन्या शहरात निम्म्या पैशांत चांगली खोली मिळते, ती घ्या. तयारी असेल तर पुढे वाचा.

आधी जागा समजून घ्या

राजा मंगराय यानं 1296 मध्ये चिआंग माई वसवलं. जुनं शहर चौकोनी, चारी बाजूंनी खंदक. पिंग नदी त्याच्या पूर्वेला. जुन्या शहराच्या पूर्वेकडच्या थापे गेटमधून बाहेर पडून सरळ पूर्वेकडे चालत राहिलात तर पंधरा-वीस मिनिटांत नवरत पूल लागतो. पुलाच्या अलीकडे वारोरोत बाजार, पलीकडे वाट केत हा जुना मोहल्ला. छोटी, देखणी हॉटेलं जास्त करून या पलीकडच्या काठावर, चारोएनरात रस्त्याच्या आसपास सापडतील. दक्षिणेकडे लोखंडी पुलाच्या पुढेही बरीच आहेत. ती शांत आहेत, पण पायी कुठे जाता येत नाही, प्रत्येक वेळी गाडी बोलवावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं वाट केतच धरावं.

या काठाचा आपल्या मुंबईशी जुना धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या डोंगरांतला साग तोडून, ओंडके पिंगच्या पाण्यात सोडून बँकॉककडे पाठवले जात. त्या धंद्यातली एक बडी कंपनी म्हणजे 1863 साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. ही कंपनी आज वाडिया समूहात आहे. फ्रे गावातलं तिचं जुनं लाकडी कचेरीघर 2020 मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली पाडलं गेलं, तेव्हा थायलंडभर आरडाओरडा झाला होता. तिची स्पर्धक बोर्निओ कंपनी वाट केतमध्ये होती. तिचं सागवानी घर आज 137 पिलर्स हाउस या महागड्या हॉटेलच्या आवारात उभं आहे. तिथे राहणं परवडलं नाही तरी एका दुपारी चहाला जाऊन घर बघून येता येतं.

थायलंडनं 1989 मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली. त्यामुळे नंतर बांधलेल्या हॉटेलांत जुनाट, काळपट, खिळ्यांची भोकं पडलेलं लाकूड दिसलं तर ते बहुधा मोडलेल्या घरांचं किंवा भाताच्या कोठारांचं असतं. खांबावर जुन्या खाचा दिसल्या तर खुशाल समजा की त्याचा हा दुसरा जन्म आहे.

कधी जायचं, आणि कधी मुळीच नाही

नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. दिवसा ऊन, पहाटे पंधरा अंशांच्या आसपास गारवा. लाकडी खोलीत हा गारवा फटीफटीतून आत येतो, तेव्हा एखादी शाल न्या.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतातली खुंटं आणि डोंगरांवरचा पाचोळा जाळला जातो. धूर खोऱ्यात साचून राहतो आणि चिआंग माईचं नाव जगातल्या सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या यादीत वर चढतं. या काळात नदीकाठच्या व्हरांड्यात बसणं म्हणजे पैसे मोजून खोकला विकत घेणं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी हे महिने टाळावेतच. शाळेच्या सुट्टीमुळे एप्रिलशिवाय पर्याय नसेल तर 13 ते 15 एप्रिलचा सोंगक्रान, म्हणजे पाणी उडवायचा सण, सापडेल. पण तो खंदकाभोवती राहून बघायचा सण आहे.

जून ते ऑक्टोबर पाऊस. हिरवळ सुंदर, दर कमी. मात्र ऑक्टोबर 2024 च्या सुरुवातीला नवरत पुलापाशी पिंगची पातळी 5 मीटरच्या वर गेली होती आणि काठावरच्या वस्तीत, दुकानांत, हॉटेलांत पाणी शिरलं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जायचं तर पैसे परत मिळणारं बुकिंग करा आणि खोली वरच्या मजल्याची मागा.

लॉय क्राथोंगचं वेगळं सांगायला हवं. केळीच्या खांबाच्या चकतीवर पानं-फुलं रचून, मेणबत्ती आणि उदबत्ती लावून तो क्राथोंग नदीत सोडायचा हा सण थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. बहुतेक वर्षी ती आपली त्रिपुरारी पौर्णिमाच असते. उत्तरेत त्याच सुमाराला यी पेंग, आकाशात कंदील सोडायचा उत्सव. नदीकाठी राहण्याचं सार्थक होणारी हीच रात्र, पण खोल्या कितीतरी महिने आधी भरतात, दर चढतात आणि तीन-चार रात्रींची अट पडते. नवरत पुलावर त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नसते. हॉटेलचा स्वतःचा धक्का आहे का, तिथून क्राथोंग सोडता येतो का, हे बुकिंगच्या आधीच विचारा.

हॉटेल निवडलंत, आता खोली निवडा

नवखा माणूस हॉटेलचे तारे आणि गुण बघतो. दहा-वीस खोल्यांच्या जागेत मात्र प्रत्येक खोली वेगळी असते. एकाच छपराखाली एक खोली नदीवर उघडते आणि दुसरी मागच्या गल्लीतल्या जनरेटरवर. म्हणून आवडलेल्या दोन-तीन हॉटेलांना थेट ईमेल करा आणि खोलीच्या नावानिशी प्रश्न विचारा. उत्तर लेखी मिळतं, ते चेक-इनला दाखवता येतं.

पहिला प्रश्न: खोलीतून नदी दिसते की बागेतून? जाहिरातीत 'रिव्हरसाइड' लिहिलं असेल तर तेवढ्यानं खोलीतून नदी दिसेलच असं नाही. 'रिव्हर व्ह्यू' लिहिलं असेल तरी झाडांच्या फटीतून दिसते की समोर, ते विचारा. काही ठिकाणी हॉटेल आणि नदी यांच्या मधून रहदारीचा रस्ता जातो. नकाशा मोठा करून बघितला की कळतं.

दुसरा: रात्री आवाज किती? पूर्व काठावर नवरत पुलाजवळ गाण्याबजावण्याची रेस्टॉरंटं आहेत, बँड रात्री उशिरापर्यंत वाजतो. पाण्यावरून आवाज लांब जातो. शुक्रवार-शनिवारी राहणार असाल तर मागच्या बाजूची, बागेकडची खोली घेणं जास्त शहाणपणाचं. नदी बघायला खाली अंगण असतंच.

तिसरा, आणि हा बहुतेक जण विचारत नाहीत: वर कोणाची खोली आहे का? सागाच्या फळ्यांची जमीन बघायला देखणी, पण वरच्या मजल्यावरचा पाहुणा पहाटे चारला बॅग ओढत निघाला की खालच्याची झोप उडाली. वरचा मजला मिळाला तर हा त्रास वाचतो. पण अशा इमारतींत लिफ्ट क्वचितच असते आणि जिने उभे, अरुंद असतात. आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर त्यांच्यासाठी खालची आणि तिच्या डोक्यावरची तुमच्यासाठी, अशी जोडी मागून बघा.

चौथा: लहान मुलं चालतात का? अनेक बुटीक हॉटेलं ठरावीक वयाखालची मुलं घेत नाहीत. घेतली तरी कोरीव कठड्यांच्या फटी रुंद असतात आणि खाली पाणी असतं. रांगणारं-धावणारं मूल असेल तर माझ्या मते ही जागाच नको.

दर वाचायची रीत

3,000++ असं लिहिलेलं दिसेल. त्या दोन अधिक चिन्हांचा अर्थ: 10 टक्के सेवा आकार, आणि त्या बेरजेवर 7 टक्के कर. म्हणजे 3,000 चे 3,300 आणि त्याचे 3,531 बात. एक बात ढोबळमानानं अडीच ते तीन रुपये धरा. बुकिंगच्या अ‍ॅपवर शेवटच्या पानावर येणारी रक्कम आणि हॉटेलनं ईमेलमध्ये सांगितलेली रक्कम समोरासमोर ठेवून बघा. थेट घेतलं तर बऱ्याचदा नाश्ता किंवा विमानतळावरून गाडी पदरात पडते. अनामत रक्कम किती, रोख की कार्डावर, तेही तेव्हाच विचारा.

किती रात्री? तीन. दोन रात्रींत नदीला वेळ मिळत नाही.

पोहोचणं

1 मे 2025 पासून थायलंडमध्ये शिरताना डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, थाई इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर, फुकट भरायचं असतं. पैसे मागणारी साइट असली की समजा चुकीच्या दारात आलात. त्यात राहण्याचा पत्ता विचारतात, तेव्हा हॉटेलचा पत्ता हाताशी ठेवा. भारतीयांना जुलै 2024 पासून विनाव्हिसा प्रवेश आणि 60 दिवसांचा मुक्काम अशी सवलत मिळाली होती. हे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी दूतावासाची सूचना स्वतः वाचा. आणि ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, ती घरीच ठेवा.

बँकॉकहून पुढे विमानानं सव्वा तास. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे भरपूर तास ठेवा. हौस असेल तर बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकावरून रात्रीची स्लीपर गाडी घ्या. सकाळी चिआंग माईला उतरवते, आणि स्थानक नदीच्या आपल्याच बाजूला, वाट केतपासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येला. तिथून ग्रॅब किंवा बोल्टच्या अ‍ॅपवरून गाडी बोलवा. शहरात फिरायला लाल सोंगथेव, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकं असलेल्या गाड्या, शेअरमध्ये माणशी साधारण 30 बात घेतात. चढायच्या आधी ठिकाण सांगायचं, चालकानं मान हलवली तरच चढायचं.

हॉटेलचं नाव-पत्ता थाई लिपीत फोनमध्ये ठेवा. वाट केतच्या गल्ल्यांत रात्री फार उपयोगी पडतं.

चेक-इन आणि खोली

काउंटरवर प्रत्येकाचा पासपोर्ट घेऊन प्रत काढतात. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे कळवणं हॉटेलवर बंधनकारक आहे, तेव्हा हुज्जत घालू नका. पासपोर्ट मात्र लगेच परत घ्या. अनामत म्हणून तो ठेवून घेऊ देऊ नका, रोख द्या आणि पावती मागा.

कर्मचारी हात जोडून 'सावद्दी खा' किंवा 'सावद्दी ख्राप' म्हणतात. बाईनं बोलताना खा, पुरुषानं ख्राप. आपणही हात जोडले, हसलो की झालं, ही रीत आपल्याला शिकवायला नको. जोडे बहुतेक ठिकाणी पायरीपाशीच काढायचे असतात. दाराचा उंबरठा उंच असतो. त्यावर पाय न देता तो ओलांडायचा. फाटकाजवळ खांबावर छोटं देऊळ दिसेल, समोर लाल सरबताची बाटली, स्ट्रॉ आणि हार. ते जागेच्या रक्षक देवतेचं ठाणं. त्यावर मुलांना हात लावू देऊ नका आणि त्याला टेकून सेल्फी काढू नका.

आता जरा घर बघा. छपराच्या टोकाला दोन फळ्या एकमेकींना छेदून शिंगांसारख्या वर गेलेल्या दिसतात, त्यांना कालाए म्हणतात. लान्ना, म्हणजे उत्तर थायलंडच्या जुन्या राज्याच्या धाटणीच्या, घराची ही पहिली खूण. दुसरी खूण भिंतींत: उत्तरेकडच्या जुन्या घराच्या भिंती वर जाताना बाहेरच्या बाजूला कलतात, तर बँकॉककडच्या घरांच्या आत कलतात. हॉटेलवाल्यानं 'पारंपरिक' म्हणून नुसतं छप्पर चिकटवलंय की घराचा बाज सांभाळलाय, ते इथे उघडं पडतं. आतल्या खोलीच्या दारावर कोरीव फळी असेल तर ती हाम योन, घरातल्यांचं रक्षण करते अशी समजूत. पायरीशी झाकणाचं मातीचं मडकं आणि करवंटीची पळी ठेवलेली दिसली तर तीही जुनी चाल आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी. आज ते शोभेचंच समजा. प्यायला बाटलीतलं पाणी, नळाचंही पिऊ नका.

व्हरांड्यात जमिनीलगत गादी आणि तिला जोडलेली त्रिकोणी, घट्ट उशी असते. तिला पाठ टेकायची, पाय लांब सोडायचे. पायांचे तळवे बुद्धमूर्तीकडे किंवा कोणा माणसाकडे होऊ नयेत एवढं बघा. बाथरूममध्ये जेट असतो, युरोपसारखी पंचाईत नाही. प्लग आपला दोन पिनांचा चालतो, जाड तीन पिनांना अ‍ॅडाप्टर लागतो.

संध्याकाळी पाचनंतर खिडक्यांच्या जाळ्या लावून घ्या. डेंग्यूचे डास दिवसाही चावतात, ओडोमॉस बरोबर असू द्या. रात्री आढ्यातून 'तोक्के, तोक्के' असा खणखणीत आवाज आला तर घाबरू नका, ती मोठी पाल आहे. रिसेप्शनला फोन करून तिला काढायला लावणारे पाहुणे असतात म्हणे. ती डास-किडे खाते, राहू द्या.

आणि आपल्या मंडळींसाठी खास. लाकडी घरात आगीची धास्ती खरी असते. खोलीत इंडक्शन, छोटा कुकर, उदबत्ती, काहीही नको. ओले कपडे कोरीव कठड्यावर टाकू नका, लॉन्ड्रीचा दांडा मागा. पांढऱ्या चादरीवर मेंदीचा किंवा हळदीचा डाग पडला तर दंड लागतो. फणसासारखा दिसणारा, उग्र वासाचा ड्युरियन बाजारातच खाऊन या, हॉटेलात त्याला बंदी असते.

नाश्ता आणि शाकाहार

छोट्या हॉटेलांत बुफे नसतो. आदल्या रात्री चिठ्ठीवर खुणा करून द्यायच्या, सकाळी ताट टेबलावर येतं. 'थाई ब्रेकफास्ट' म्हणून भाताची पेज येते, तिच्यात बहुधा डुकराच्या मांसाचे गोळे असतात, तेव्हा आधी सांगा.

शाकाहारी लोकांनी 'किन जे' हे दोन शब्द पाठ करावेत. जे म्हणजे मांस, मासे, अंडं तर नाहीच, वर कांदा-लसूणही नाही, म्हणून कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही ते चालण्यासारखं असतं. अशा दुकानांवर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षरं असतात. नुसतं 'व्हेज' म्हटलंत तर भाज्या येतील, पण माशाच्या पाण्यात परतलेल्या. 'माय साय नाम प्ला', म्हणजे फिश सॉस घालू नका, हेही सांगा. खाणाऱ्यांनी खाओ सोय चुकवू नये: नारळाच्या दुधातला कढीसारखा रस्सा, त्यात नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, बाजूला लिंबू आणि आंबवलेली भाजी. कोंबडीचा असतो तसा गोमांसाचाही असतो, विचारून घ्या. नाम प्रिक नुम म्हणजे भाजलेल्या हिरव्या मिरचीचा जवळजवळ ठेचाच, पण काही जण त्यात आंबवलेली मासळी घालतात.

काठावरचा दिवस

पहाटे साडेपाच-सहाला उठा. भिक्खू अनवाणी भिक्षेला निघतात. हॉटेलला आदल्या दिवशी सांगितलं तर बरेच जण दानाची टोपली तयार करून देतात. चप्पल काढायची, दान पात्रात ठेवायचं, बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही. मग नदीकाठी चहा. पाणी पावसात गढूळ तांबडं, हिवाळ्यात संथ हिरवट असतं. पोहायचं नाही.

नऊच्या सुमारास वाट केत कारामला चालत जा. बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या कुत्र्याच्या वर्षी जन्मलेल्यांचं हे देऊळ, आवारात गावकऱ्यांनी जमवलेल्या जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. याच मोहल्ल्यात चर्च, मशीद आणि गुरुद्वाराही आहे. तिथून चानसोम पादचारी पुलावरून वारोरोत बाजारात उतरा. हा पूल भारतीय वंशाच्या एका कापड व्यापाऱ्यानं दिवंगत पत्नीच्या नावानं बांधला. बाजारात कापडाची दुकानं बघताना हे आठवलं की चित्र जुळतं. दुपारचं ऊन सुरू झालं की परत या आणि तीन ते सहा कुठेही जाऊ नका. दोई सुतेप, बो सांगच्या कागदी छत्र्या, हे सगळं दुसऱ्या दिवशी.

निघताना

चेक-आउट बहुधा 11 किंवा 12 ला. विमान किंवा गाडी संध्याकाळची असेल तर बॅगा ठेवून घेतात आणि बऱ्याच ठिकाणी अंघोळीला एखादी खोली उघडून देतात, मागायची लाज नको. अनामत मोजून परत घ्या. साफसफाई करणाऱ्यांसाठी उशीशी 40-50 बात ठेवणं पुरेसं. काही गडबड झाली तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155, इंग्रजीत बोलतात.

हॉटेलच्या दुकानातला सेलाडॉनचा, म्हणजे हिरव्या झिलईच्या चिनी मातीचा, कप, उशीची खोळ बिनधास्त घ्या. बुद्धमूर्ती किंवा जुनी कोरीव वस्तू आवडली तर थांबा. ती देशाबाहेर न्यायला थायलंडच्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. दुकानदार 'काही होत नाही' म्हणाला तरी परवाना काढून देणार का, ते विचारा. तो हो म्हणाला तर मिळायला किती दिवस लागतील तेही विचारा, कारण तुमचं विमान बहुधा त्याच्या आधी असतं.